एक टिकमार्क काढला आणि औषध पास? क्लिनिकल चाचण्यांचे अहवाल वेब ॲपवर येतात तेव्हा

मेडिकलमध्ये दुकानदार म्हणतो, "त्या कंपनीची नाही, पण हीच गोळी दुसऱ्या कंपनीची आहे, निम्म्या किमतीत." आपण ती घेतो. पण पहिल्या गोळीइतकंच काम ही करणार, हे कुणी ठरवलं?

ते ठरवण्याची एक ठराविक पद्धत आहे. ही पद्धत राबवणारी काही केंद्रं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या महापे एमआयडीसीत आहेत. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा पट्टा. आता घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनवरून रिक्षाने इथे आलं की मिलेनियम बिझनेस पार्कमधली आयटी ऑफिसं, डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आणि औषधांशी संबंधित प्रयोगशाळा एकमेकांच्या शेजारी दिसतात. क्लिनिकल रिसर्चच्या अहवालांचं पुढे काय होतंय हे समजून घ्यायला ही जागा चांगली आहे, कारण रक्ताचे नमुने, आकडे आणि सर्व्हर हे तिन्ही इथे हाकेच्या अंतरावर आहेत.

औषधाच्या चाचणीचा अहवाल म्हणजे आजवर पीडीएफचा गठ्ठा होता. शेकडो तक्ते, आलेख आणि याद्या. आता त्याच आकड्यांवर चालणारी वेब ॲप्स बनू लागली आहेत. वयोगट निवडा, आलेख बदलतो. ठिपक्यावर क्लिक करा, त्या रुग्णाची माहिती उघडते. शेअर बाजाराचं ॲप वापरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. इथे मात्र त्या क्लिकवर औषधाला परवानगी मिळणार की नाही हे अवलंबून असू शकतं, म्हणून हे काम दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे.

आधी चाचणी समजून घेऊ

जेनेरिक औषधासाठी जी चाचणी होते तिला बायोइक्विव्हॅलन्स अभ्यास म्हणतात. मराठीत जैवसमतुल्यता. निरोगी स्वयंसेवक निवडले जातात. अर्ध्यांना आधी मूळ औषध दिलं जातं आणि अर्ध्यांना आधी नवं. मधे काही दिवस जाऊ देतात, म्हणजे पहिलं औषध शरीरातून पूर्ण निघून जातं. मग अदलाबदल. प्रत्येक वेळी ठरलेल्या वेळांना रक्त घेतलं जातं आणि त्यात औषध किती उतरलंय हे मोजलं जातं.

यातून दोन गोष्टी पाहतात. रक्तातलं औषधाचं प्रमाण जास्तीत जास्त किती चढलं, आणि एकूण किती औषध शरीराला मिळालं. या दोन्हींबाबत नव्या आणि मूळ औषधाचं गुणोत्तर काढतात. त्या गुणोत्तराचं ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं उत्तर ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत पूर्ण बसावा लागतो.

हे वाचून सोशल मीडियावर नेहमी फिरणारा एक गैरसमज आठवेल: "जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असलं तरी चालतं." तसं नाही. सरासरी नाही, अख्खा पट्टा आत बसावा लागतो. नव्या औषधाची सरासरी खरोखरच ८२ टक्क्यांवर आली, तर पट्ट्याचं खालचं टोक जवळजवळ नक्कीच ८०च्या खाली घसरेल आणि औषध नापास होईल. आणि वरची मर्यादा १२० ऐवजी १२५ का? कारण हिशोब गुणोत्तराचा आहे. एक भागिले ०.८ म्हणजे १.२५.

मग ॲप कशाला हवं?

समजा २४ स्वयंसेवक आहेत. कागदी अहवालात एक सरासरी आलेख असतो आणि मागे प्रत्येकाचा वेगळा आलेख, पानामागून पान. तपासणाऱ्याला वाटलं की ११ क्रमांकाच्या व्यक्तीचं काहीतरी वेगळं दिसतंय, तर ती पानं शोधायची, मग रक्त घेतल्याच्या वेळांची यादी दुसऱ्या फाइलमध्ये, आणि उलटी झाली होती का हे तिसऱ्या.

ॲपमध्ये २४ रेषा एकाच आलेखावर असतात. एका रेषेवर बोट नेलं की ती ठळक होते. क्लिक केलं की त्या व्यक्तीचं वय, वजन, रक्त घेतल्याची नेमकी वेळ, नोंदलेला त्रास, सगळं बाजूला येतं. साधा स्केल आणि लॉग स्केल यांत बटणाने अदलाबदल करता येते. औषध शरीराबाहेर कसं जातंय ते लॉग स्केलवर सरळ रेषेसारखं दिसतं, त्यामुळे वाकडी रेषा पटकन नजरेत भरते.

मोठ्या चाचण्यांत फायदा आणखी मोठा आहे. यकृताचं उदाहरण घ्या. एखादं नवं औषध यकृताला घातक आहे का, हे शोधण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएमध्ये एक आलेख विकसित झाला. त्याला ई-डिश म्हणतात. आडव्या अक्षावर एएलटी हे एन्झाइम, उभ्या अक्षावर बिलिरुबिन, आणि प्रत्येक रुग्ण म्हणजे एक ठिपका. एएलटी सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आणि बिलिरुबिन दुपटीपेक्षा जास्त, असे ठिपके वरच्या उजव्या कोपऱ्यात जमतात. या निकषामागे हायमन झिमरमन या डॉक्टरांचं निरीक्षण आहे: औषधाने यकृताच्या पेशींना इजा होऊन कावीळ झाली, तर अशा दहा रुग्णांपैकी किमान एकाचा मृत्यू होतो किंवा त्याला नवं यकृत लागतं.

हजारो रुग्णांच्या चाचणीत त्या कोपऱ्यात दोनच ठिपके असू शकतात, आणि औषधाचं भवितव्य त्या दोन ठिपक्यांवर ठरतं. आता प्रश्न असा: त्या दोघांना आधीपासून हिपॅटायटिस होता का? पित्ताशयात खडा होता का? औषध थांबवल्यावर आकडे खाली आले का? छापील आलेख यातलं काहीच सांगत नाही. क्लिक करता येणाऱ्या आलेखात त्या ठिपक्यामागचा माणूस तारखेनिशी समोर येतो. अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांच्या एका गटाने यासाठी 'सेफ्टीग्राफिक्स' नावाचं मोफत, मुक्त-स्रोत पॅकेजच बनवलंय. इंटरॅक्टिव्ह अहवालाची गरज का आहे, हे पटवून द्यायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

ही ॲप्स बनतात कशी?

बहुतेक वेळा 'आर' या भाषेत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती १९९०च्या दशकात तयार केली. ती फुकट आहे. २०१२ मध्ये आरस्टुडिओ या कंपनीने 'शायनी' आणलं (कंपनीचं नाव आता पॉझिट आहे). त्याआधी संख्याशास्त्रज्ञाला वेबसाइट बनवायची तर वेब डेव्हलपरकडे जावं लागायचं. शायनीमुळे तो आपल्याच भाषेत ॲप लिहू लागला.

शायनी कसं चालतं हे एक्सेल वापरणाऱ्याला लगेच कळेल. एक्सेलमध्ये एका खान्यातला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सगळी सूत्रं आपोआप नवं उत्तर देतात, बाकीची जागच्या जागी राहतात. शायनीतही तेच. वयोगटाची पट्टी सरकवली, की त्या पट्टीवर अवलंबून असलेला तक्ता आणि आलेख तेवढे पुन्हा काढले जातात. पडद्यावर दिसणारा भाग वेगळा आणि सर्व्हरवर हिशोब करणारा भाग वेगळा. रुग्णांची मूळ माहिती सर्व्हरवरच राहते, ब्राउझरकडे फक्त उत्तर जातं. निदान तसं असायला हवं.

औषध उद्योगासाठी रोश कंपनीने शायनीवर 'टील' नावाचा सांगाडा उभारला आणि तो सर्वांसाठी खुला केला. फिल्टरचा कप्पा, तक्त्याचा कप्पा, आलेखाचा कप्पा असे तयार भाग जोडून ॲप उभं करता येतं. हे शक्य होतं, कारण चाचण्यांचा डेटा जगभर एकाच साच्यात ठेवला जातो. सीडिस्क या संस्थेने हे साचे ठरवले आहेत. रुग्णाच्या मूळ माहितीच्या तक्त्यात एका रुग्णाची एकच ओळ, त्या तक्त्याचं नाव ठरलेलं, रकान्यांची नावंही ठरलेली. त्यामुळे मधुमेहाच्या चाचणीसाठी बनवलेला आलेख दम्याच्या चाचणीलाही थोड्या बदलांनी चालतो.

हे साचे किती जुन्या सवयी सांभाळतात याची एक गंमत. एफडीएकडे डेटा पाठवायचा तो 'सॅस' या सॉफ्टवेअरच्या जुन्या एक्सपोर्ट फाइल-प्रकारात. त्यात रकान्याचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. २०२०च्या दशकातलं चकचकीत ॲप आणि त्याच्या पोटात १९८०च्या दशकातली आठ अक्षरांची नावं!

महाराष्ट्राचं नातं

संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर महाराष्ट्राला नवं नाही. सायरस मेहता आणि नितीन पटेल या दोघांनी १९८७ मध्ये अमेरिकेत सायटेल ही कंपनी सुरू केली. कमी रुग्ण असलेल्या तक्त्यांवर अचूक चाचणी झटपट कशी करायची, याची या दोघांची पद्धत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. आधी जे हिशोब संगणकालाही झेपत नव्हते ते तिने आवाक्यात आणले. सायटेलचं मोठं काम पुण्यातून चालतं. सॅसचं संशोधन केंद्रही पुण्यात आहे. ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात क्लिनिकल रिसर्च आणि आयटी कंपन्यांची ऑफिसं आहेत. बीएस्सी, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स किंवा फार्मसी करून 'स्टॅट प्रोग्रामर' होणाऱ्या मुलामुलींसाठी हा ओळखीचा रस्ता आहे.

आजवर या रस्त्यावर सॅस येणं पुरेसं होतं. सॅसशिवाय एफडीए ऐकत नाही असाही समज होता. एफडीएने २०१५ मध्येच लेखी खुलासा केला की कुठल्याही एका सॉफ्टवेअरची सक्ती नाही. तरी सवय सुटायला वेळ लागला.

क्लिक करण्याचं स्वातंत्र्य, हीच अडचण

पुन्हा त्या २४ स्वयंसेवकांकडे येऊ. समजा, पट्ट्याचं खालचं टोक ७९.६ टक्क्यांवर आलंय. औषध नापास. ॲपमध्ये प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावापुढे, खरं तर क्रमांकापुढे, एक टिकमार्क आहे. ११ क्रमांकाचा टिकमार्क काढला. आकडा ८०.४ झाला. औषध पास.

एका क्लिकमध्ये.

त्या व्यक्तीला वगळायला खरं कारण असू शकतं. साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळीच्या अभ्यासात औषध रक्तात कमाल पातळीला पोहोचायला साधारण जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळेच्या आत उलटी झाली, तर त्या व्यक्तीचे आकडे वगळता येतात. पण हा नियम अभ्यास सुरू होण्याआधी कागदावर लिहिलेला असावा लागतो. उत्तर पाहून मग कारण शोधणं याला संख्याशास्त्रात जागा नाही. "याचे आकडे विचित्र दिसतात" हे वगळण्याचं कारण होत नाही.

ही भीती हवेतली नाही. पुण्याच्या सिनॅप्स लॅब्जने केलेल्या बायोइक्विव्हॅलन्स अभ्यासांच्या डेटाबाबत गंभीर शंका आल्याने युरोपच्या औषध यंत्रणेने चारशेहून अधिक औषधांचा आढावा घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातल्या बहुतेकांची परवानगी स्थगित करण्याची शिफारस झाली. औषधं अपायकारक असल्याचा किंवा काम करत नसल्याचा पुरावा नाही, हेही यंत्रणेने तेव्हा सांगितलं. मुद्दा विश्वासाचा होता: ज्या आकड्यांवर परवानगी दिली ते आकडे टिकतात का? पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एफडीएनेही या प्रयोगशाळेच्या अभ्यासांवर आधारलेल्या औषधांचा 'मूळ औषधाशी समतुल्य' हा दर्जा काढून घेतला. त्या प्रकरणाचा कुठल्या ॲपशी संबंध नाही. पण एका शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या आकड्यांवरचा विश्वास उडाला की किती देशांतली दुकानं हलतात, हे त्यातून दिसतं.

म्हणून चांगल्या ॲपमध्ये टिकमार्क काढता येतो, पण त्याने अधिकृत निकाल बदलत नाही. अधिकृत तक्ता कुलूपबंद असतो. फिल्टर लावल्यावर जे दिसतं त्यावर "केवळ शोधासाठी" अशी ठळक पट्टी येते आणि कुणी, कधी, कोणता फिल्टर लावला याची नोंद राहते. इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबतचा एफडीएचा नियम १९९७ पासून हेच मागतो: कुठल्याही बदलाचा माग काढता आला पाहिजे.

मिथुन आणि तूळ राशीचे रुग्ण

फिल्टरचा दुसरा धोका अप्रामाणिक माणसापुरता नाही. तो प्रामाणिक आणि उत्साही माणसाला जास्त आहे.

१९८८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यावरची आयसिस-२ ही प्रसिद्ध चाचणी जाहीर झाली. १७,१८७ रुग्ण. ॲस्पिरिनने जीव वाचतात हे त्यातून स्पष्ट झालं. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशीनुसार विभागणी करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने फायदा नाही, उलट किंचित तोटा, असं उत्तर आलं! (राशी जन्मतारखेवरून, पाश्चात्त्य पद्धतीच्या. आपल्या पत्रिकेतल्या चंद्रराशी घेतल्या असत्या तर आणखी दोन वेगळ्या राशी अडकल्या असत्या.) त्यांना हेच दाखवायचं होतं: पुरेसे गट पाडले की कुठला तरी गट योगायोगाने विचित्र निघतोच.

हिशोब सोपा आहे. औषधाचा काहीच परिणाम नसताना एका तुलनेत "परिणाम आहे" असं चुकून दिसण्याची शक्यता ५ टक्के धरतात. अशा २० स्वतंत्र तुलना केल्या तर किमान एकदा फसण्याची शक्यता ६४ टक्के होते. कागदी अहवालात २० गट पाडायला आठवडे गेले असते. ॲपमध्ये चहा संपायच्या आत होतं.

म्हणून अनुभवी लोक फिल्टर लावलेल्या आलेखाखाली पी-व्हॅल्यू दाखवतच नाहीत. संख्या दाखवा, पट्टा दाखवा, पण "सिद्ध झालं" असं वाटायला लावणारा आकडा नको. नव्या प्रोग्रामरला हे विचित्र वाटतं. जे काढता येतं ते का दाखवू नये? बटण देणं सोपं आहे. कुठलं बटण द्यायचं नाही हे ठरवायला चाचणीची योजना वाचलेली असावी लागते.

छोट्या चुका, मोठे आकडे

समजा १०० जणांना औषध दिलं, त्यात ४० महिला. सहा महिलांना मळमळ झाली. 'महिला' हा फिल्टर लावला, तर टक्केवारी सहा भागिले ४०, म्हणजे १५ टक्के यायला हवी. ॲपमध्ये फिल्टर त्रासांच्या तक्त्याला लागला आणि रुग्णांच्या मूळ तक्त्याला लागायचा राहिला, तर सहा भागिले १००, म्हणजे ६ टक्के दिसेल. ॲप बंद पडत नाही, लाल अक्षरात काही येत नाही. आकडा गुळगुळीत आणि पूर्ण चुकीचा. छेदाची ही चूक या कामात सगळ्यात जास्त भीतीची मानतात, कारण ती दिसत नाही.

आणखी एक किस्सा गोल आकड्यांचा. २.५ चा पूर्णांक किती? शाळेत शिकलोय तीन. सॅसही तीनच म्हणतं. आर म्हणतं दोन! कारण आर एक आंतरराष्ट्रीय प्रमाण पाळतं, ज्यात अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतात. ३.५ दोघांकडेही चारच होतो. दोन्ही बरोबर, पण एकाच चाचणीचा तक्ता सॅसमध्ये आणि ॲप आरमध्ये असेल, तर एखादा आकडा जुळणार नाही आणि तपासणारा विचारेल, यातलं खरं कोणतं?

सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तरी असं होतं. २०१९ मध्ये आरची ३.६.० आवृत्ती आली तेव्हा यादृच्छिक निवड करण्याची मूळ पद्धत बदलली. आधीच्या आवृत्तीत जे सुरुवातीचं बीज दिलं होतं, तेच दिलं तरी निवड वेगळी येऊ लागली. म्हणून ॲपसोबत कुठल्या आवृत्तीची कुठली पॅकेजेस वापरली याची यादी गोठवून ठेवतात. पाच वर्षांनी कुणी तेच ॲप उघडलं तर तेच उत्तर यायला हवं. 'टील'मध्ये यासाठी एक साधी सोय आहे: कुठल्याही आलेखाखालचं बटण दाबलं की तो आलेख काढणारा पूर्ण कोड समोर येतो. तो घ्या, स्वतः चालवा, जुळतंय का बघा.

कुणाला काय दिसावं?

चाचणी चालू असताना कुणाला औषध मिळतंय आणि कुणाला प्लासिबो, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. ॲपमधल्या एका रंगाने हे गुपित फुटू शकतं. दोन गटांना दोन रंग दिले आणि लॉगिन चुकीच्या माणसाला मिळालं, की चाचणीवरचं सावट कायमचं. त्यामुळे चालू चाचणीच्या ॲपमध्ये गटाचा रकाना मूळ डेटातूनच काढून ठेवतात. पडद्यावर लपवणं पुरेसं नसतं, कारण लपवलेली गोष्ट डाउनलोड बटणातून बाहेर येते. उघड आकडे पाहायचा अधिकार फक्त स्वतंत्र देखरेख समितीला असतो.

आणि रुग्णाची ओळख? डेटात नाव नसतं, क्रमांक असतो. पण महिला, सत्तरीच्या वर, अमुक शहरातलं केंद्र, दुर्मीळ आजार, असे चार फिल्टर लावले की एकच ओळ उरते. त्या शहरातल्या लोकांना ती कोण हे कळायला नाव लागत नाही. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायद्याच्या आधी साधा उपाय आहे: ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं उरली की ॲपने आकडा दाखवायचा नाही.

एफडीएने असं ॲप तपासलंय का?

हो. 'आर कन्सॉर्शियम' या संस्थेच्या एका कार्यगटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक शायनी ॲप प्रायोगिक तत्त्वावर एफडीएला सादर केलं. त्यात औषध कंपन्यांचे लोक होते आणि डेटा अल्झायमरवरच्या एका जुन्या चाचणीचा, सर्वांना खुला असलेला, २५४ रुग्णांचा होता. खऱ्या परवानगीचा अर्ज नव्हता. असं ॲप पाठवता येतं का आणि तपासणाऱ्याच्या संगणकावर ते उघडतं का, हे पाहायचं होतं.

अडचण पहिल्याच पायरीला आली. एफडीएच्या फाटकातून ठराविक प्रकारच्या फाइलीच आत जातात. ॲप म्हणजे शेकडो छोट्या फाइली आणि फोल्डर. मग सगळं ॲप एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये भरलं गेलं. गोधडी गुंडाळून पिशवीत कोंबावी तसं. पलीकडे तपासणाऱ्याने ती उलगडली, पॅकेजेस बसवली आणि ॲप चालवलं. सोबत प्रत्येक पायरी समजावणारी मार्गदर्शिका होती. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला.

नंतरच्या एका प्रयोगात या कार्यगटाने वेबअसेंब्ली हे तंत्र घेतलं. यात सर्व्हरची गरजच उरत नाही. हिशोब करणारं आर थेट ब्राउझरमध्ये चालतं. तपासणाऱ्याला काही बसवायला लागत नाही, ही मोठी सोय. पण मग डेटाही ब्राउझरपर्यंत जातो, म्हणजे कुणाच्या लॅपटॉपवर काय उघडतंय हा प्रश्न पुन्हा आलाच.

महापेच्या ऑफिसातला नवा प्रोग्रामर काय करतो?

या क्षेत्रात जुना नियम आहे: महत्त्वाचा प्रत्येक तक्ता दोन माणसं स्वतंत्रपणे बनवतात. दुसऱ्याने पहिल्याचा कोड बघायचा नाही. शेवटी दोन्ही उत्तरं यंत्राने ताडून पाहतात. एक दशांश चिन्ह जरी हललं तरी दोघं बसून कारण शोधतात. नव्याने लागलेल्यांच्या वाट्याला बहुधा हे दुसऱ्या माणसाचं काम येतं.

ॲपला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तक्ता एक असतो, ॲपमध्ये फिल्टरच्या जोड्या मोजाव्या तर पाच फिल्टर आणि प्रत्येकात चार पर्याय एवढ्यावरच १,०२४ चित्रं होतात. सगळी हाताने तपासणं अशक्य. मग प्रोग्रामर आणखी एक प्रोग्राम लिहितो, जो रात्री आपोआप बटणं दाबतो, पट्ट्या सरकवतो आणि आलेली उत्तरं आधी सिद्ध झालेल्या तक्त्यांशी जुळवतो. मुद्दाम वेडंवाकडंही वागतो: कुणीच उरणार नाही असा फिल्टर लावतो, दोन बटणं एकदम दाबतो, डेटा अर्धवट असताना डाउनलोड करतो. सकाळी ऑफिसला आल्यावर आधी ती यादी बघायची. हिरव्या ओळी सोडून द्यायच्या. एखादी लाल असेल, तर त्या फिल्टरने नेमके किती रुग्ण उरले होते इथून सुरुवात करायची.